लेखाचा पत्ता कसा बांधावा

संकेतस्थळ काढू पाहणारा मनुष्य आरंभी त्याच्या रंगरूपाचा विचार करतो, नंतर नावाचा, नंतर तेथे कोणते विषय हाताळावेत याचा. आणि जो निर्णय पहिल्या दिवशी विनासायास घेता येतो, परंतु काही वर्षांनी घ्यावयाचा म्हटल्यास ज्याची किंमत प्रत्येक लेखामागे मोजावी लागते, तो लेखांच्या पत्त्यांच्या रचनेचा निर्णय मात्र यंत्राच्या मर्जीवर सोपवून मोकळा होतो. रंग उद्या पालटता येतात, मांडणी परवा बदलता येते, मजकुरात दुरुस्त्या तर नित्य कराव्याच लागतात. पत्ता मात्र एकदा प्रसिद्ध झाला की तो आपल्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही. कोणी तो स्वतःच्या लेखात उद्धृत करतो, कोणी स्नेह्यास धाडतो, कोणी ग्रंथाच्या तळटीपेत छापतो, आणि शोधयंत्रे तर त्या लेखाविषयीची सारी नोंद त्या पत्त्याच्याच नावे आपल्या दप्तरात करून ठेवतात. शोधयंत्रास मानवेल असा पत्ता कोणता, हा प्रश्न आज असंख्य लेखक विचारतात; माझ्या मते त्याचे उत्तर एका अधिक मूलभूत प्रश्नाच्या पोटात आहे, आणि तो प्रश्न म्हणजे पंचवीस वर्षांनंतरही जसाच्या तसा चालेल असा पत्ता कोणता.

वेबपत्त्याचे, म्हणजे ज्याला यूआरएल म्हणतात त्याचे, विधिवत् वर्णन डिसेंबर १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर व मार्क मॅकाहिल यांनी सिद्ध केलेल्या मानकपत्रात आले. जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जेव्हा आपली मूळ योजना मांडली, तेव्हा दोन रीती आधीच रूढ होत्या: एक, पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली डोमेन नावांची पद्धत, जीत संगणकाचे नाव टिंबांनी तोडून लिहिले जाते, आणि दुसरी, युनिक्स प्रणालीतील फायलींची वाट तिरप्या रेघांनी दाखवण्याची. या दोहोंचा सांधा जोडून वेबपत्ता तयार झाला, आणि तो सांधा आजही उघड दिसतो. डोमेनच्या भागात आपण विशेषाकडून सामान्याकडे जातो, म्हणजे संस्थेचे नाव आधी आणि देशाची खूण शेवटी. तिरपी रेघ ओलांडली की दिशा उलटते, आणि पुढचा मार्ग सामान्याकडून विशेषाकडे, विभागाकडून लेखाकडे चालू लागतो. बर्नर्स-ली यांनी पुढे स्वतःच म्हटले की सारा पत्ता एकाच दिशेने, केवळ तिरप्या रेघांनी लिहिला असता तर बरे झाले असते, आणि आरंभीच्या दोन रेघांची तर मुळीच आवश्यकता नव्हती. परंतु तोवर ती रचना साऱ्या जगाने अंगीकारली होती, आणि जन्मदात्यालाही ती मोडता आली नाही. डोमेनपुढचा जो मार्ग आहे, त्याचेच शिल्प लेखकाच्या हाती असते. म्हणून या प्रकरणात मुख्यत्वे त्याचाच विचार करावयाचा आहे.

शोधयंत्राच्या दृष्टीने पत्ता ही लेखाची ओळख असते. त्याचे शोधक प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधारे फिरतात, जो पत्ता भेटेल तो नोंदवतात, आणि त्या पत्त्यावर सापडलेला मजकूर, तेथवर आलेले दुवे, त्या दुव्यांचे शब्द, हे सारे त्या एका नोंदीखाली जमा करतात. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ज्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, तिचा गाभाच असा की एखाद्या पानाचे महत्त्व त्याच्याकडे इतरांनी दाखवलेल्या बोटांवरून, आणि ती बोटे कोणाची आहेत यावरून ठरावे. ती पद्धत नंतर पुष्कळ बदलली, पण तिच्यातील एक तत्त्व कायम राहिले आहे: कीर्ती पत्त्याच्या नावे साठते. यावरून दोन गोष्टी निघतात. एकच लेख दोन पत्त्यांवर आढळला तर त्याची कीर्ती दुभंगण्याचा धोका उद्भवतो. आणि पत्ता बदलून जुन्याची वाट बंद केली तर वर्षानुवर्षे साठलेले सारे श्रेय बेवारस होते.

याच्या तुलनेत पत्त्यात कोणता शब्द आला याचे महत्त्व फार थोडे आहे. सल्ला देणारे लोक या विषयावर पुष्कळ बोलतात म्हणून हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. पत्ता वर्णनात्मक असावा, अर्थहीन आकड्यांपेक्षा शब्दांचा असावा, अशी शिफारस गूगलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आहे. मात्र पत्त्यातील शब्दांमुळे लेखाचे स्थान फारसे वर चढत नाही, हेही तेथेच मोकळेपणाने सांगितलेले आहे. पूर्वी निदान एवढा लाभ होता की शोधाच्या निकालात वाचकाला पत्ता दिसत असे आणि त्यातील ओळखीचे शब्द पाहून तो दुवा उघडावा की नाही हे ठरवी. परंतु २०१५ मध्ये मोबाइलवरील निकालांत पत्त्याऐवजी विभागांची साखळी दिसू लागली, आणि जानेवारी २०२५ पासून मोबाइलवर तीही जाऊन केवळ डोमेन उरले आहे. मग शब्दांचा पत्ता का घ्यावा? माणसासाठी घ्यावा. जो पत्ता वाचून आत काय आहे ते समजते, तो लोक निर्धास्तपणे पुढे धाडतात, योग्य ठिकाणी उद्धृत करतात, आणि चुकून तुटला तरी त्यातील शब्दांवरून मूळ लेख हुडकू शकतात. शोधयंत्राला पोचणारा लाभ हा या मानवी व्यवहारातून फिरून येतो.

बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला, आणि माझ्या मते वेबपत्त्यांविषयी त्यानंतर जे काही लिहिले गेले त्यापैकी फारच थोडे त्याच्या तोडीचे आहे. पत्ता आपोआप कधीच बदलत नाही, माणसे तो बदलतात, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. आणि म्हणून ज्या ज्या गोष्टी कालांतराने बदलण्याचा संभव आहे त्या पत्त्यात घालूच नयेत, हा त्यातून काढलेला निष्कर्ष. लेखकाचे नाव, मजकूर कच्चा की पक्का याची खूण, तो सर्वांस खुला की काहींसच याची खूण, फाइलचा प्रकार सांगणारे शेवटचे टिंब व अक्षरे, पान तयार करणाऱ्या यंत्रणेचे अवशेष, हे सारे त्यांनी वर्ज्य ठरवले. पत्त्यात घालण्यास योग्य अशी एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती म्हणजे लेखाच्या निर्मितीची तारीख. कारण झालेली तारीख कोणालाही बदलता येत नाही. हा उपदेश किती जणांनी मानला याचे अनुमान अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणीवरून करता येते: २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डच्या विधिज्ञांनी त्याआधीच दाखवून दिले होते की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या वेबदुव्यांपैकी सुमारे निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचवत नाहीत. न्यायनिर्णयाचा आधारच जेथे हरवतो, तेथे आपल्यासारख्यांच्या लेखांची काय कथा!

आपल्याकडील महसुली दप्तर ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तत्त्वाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. शेताचा भूमापन क्रमांक हा त्या जमिनीच्या तुकड्याला एकदा लागला की मालक बदलो, वारस येवोत, ज्वारीच्या जागी ऊस येवो, क्रमांक तोच राहतो. जे बदलते ते सातबाराच्या रकान्यांत, फेरफाराच्या नोंदीने बदलते. क्रमांकातच जर मालकाचे नाव किंवा पिकाचे नाव गुंफले असते तर दर पिढीला, नव्हे दर हंगामाला, सारे दप्तर नव्याने लिहावे लागले असते. आणि १९४७ च्या कायद्यान्वये तुकडेजोड होऊन ज्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले, तेथेही जुन्या क्रमांकाचा नव्याशी मेळ घालणारे पत्रक जपून ठेवावे लागले, कारण जुन्या खरेदीखतांत, वाटणीपत्रांत व न्यायालयाच्या हुकूमनाम्यांत जुनाच क्रमांक लिहिलेला होता. पत्त्याची रचना ठरवणे म्हणजे क्रमांकात काय घालावे आणि रकान्यात काय ठेवावे, याचा विवेक करणे होय.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळू. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली वर्डप्रेस ही प्रणाली आज मराठी संकेतस्थळांवर सर्रास आढळते, म्हणून तिच्यातील रचनांचेच उदाहरण घेणे सोयीचे. प्रश्नचिन्ह, एक अक्षर व लेखाचा आंतरिक क्रमांक, ही तिची सर्वांत साधी रचना. ती कुरूप आहे, वाचकाला काही सांगत नाही, परंतु न्यायाने हे म्हटले पाहिजे की टिकाऊपणात तिला तोड नाही. दुसरी रचना वर्ष, महिना, दिवस व लेखाचे नाव यांची. एप्रिल २०१५ मधील आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळाला, सर्व्हरची अनुकूलता असल्यास, हीच आपोआप मिळते. तिसरी केवळ लेखाच्या नावाची. चौथी विभागाचे नाव व त्यापुढे लेखाचे नाव अशी. यांशिवाय आपल्या मर्जीप्रमाणे तुकडे जोडून पाचवी, सहावीही करता येते.

विभागाचे नाव पत्त्यात घालण्याचा मोह सर्वांत बलवत्तर असतो, कारण त्यामुळे संकेतस्थळ सुव्यवस्थित ग्रंथालयासारखे भासते, आणि मी मात्र याच मोहापासून नवख्यांना परावृत्त करू इच्छितो. विषयांचे वर्गीकरण ही आपल्या आजच्या समजुतीची मांडणी असते. तमाशावरील लेख आज आपण ‘नाटक’ या विभागात घालतो. दोन वर्षांनी ‘लोककला’ असा स्वतंत्र विभाग उघडावासा वाटतो, आणि तो लेख तेथे नेताच त्याचा पत्ता बदलतो. लेख दोन विभागांत बसत असेल तर कोणत्याचे नाव पत्त्यात यावे, हा तंटा निराळाच. वर्गीकरण अवश्य करावे, त्याची पाने करावीत, लेखाच्या माथ्यावर विभाग दाखवावा, आंतरिक दुव्यांनी संबंधित लेख एकमेकांस जोडावेत; शोधयंत्राला संकेतस्थळाची रचना या दुव्यांवरून कळते, पत्त्यात किती तिरप्या रेघा आहेत यावरून नव्हे.

तारखेचा प्रश्न एवढा सोपा नाही. बर्नर्स-ली यांचा कौल तिच्या बाजूने आहे, आणि वृत्तपत्र, दैनंदिनी, सभावृत्तांत, बाजारभाव, पर्जन्यमान अशा ज्या लेखनाचा अर्थच तारखेशी निगडित असतो त्याला वर्ष व महिना यांचा पत्ता शोभतो. एकाच शीर्षकाचे दोन लेख दोन वर्षांत आले तरी ते एकमेकांशी भिडत नाहीत, हा आणखी एक लाभ. परंतु जो लेख दर वर्षी सुधारून ताजा ठेवावयाचा आहे, उदाहरणार्थ वारसनोंद कशी करावी, आंब्याच्या मोहोरावरील रोग कसे ओळखावेत, अशा लेखाच्या पत्त्यात २०१४ हे वर्ष कोरले गेले तर मजकूर कालच दुरुस्त केलेला असूनही वाचक तो शिळा मानून परत फिरतो. मग मालकाला पत्ता बदलण्याची बुद्धी होते, आणि ज्या तारखेने स्थैर्य द्यावयाचे तीच अस्थैर्याचे निमित्त होते. म्हणून ज्यांचे लेखन प्रायः संदर्भमूल्याचे आहे त्यांनी केवळ लेखनामाची रचना घ्यावी असे माझे मत आहे. पूर्वी या रचनेवर एक तांत्रिक आक्षेप होता: नावावरून हा लेख आहे की स्थायी पान आहे हे वर्डप्रेसला सहज कळत नसे, आणि पाने पुष्कळ झाली की सर्व्हरवरील भार वाढे. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीत ती अडचण दूर झाली, तरी जुना इशारा अजून ठिकठिकाणी उद्धृत होताना दिसतो.

मोठी वृत्तपत्रे लेखनामाच्या शेवटी एक क्रमांक जोडतात. गूगलच्या वृत्तसेवेची एके काळी अशी अट होती की बातमीच्या पत्त्यात निदान तीन अंकी वेगळा क्रमांक असावा. अट गेली, वहिवाट राहिली. ज्यांच्याकडे रोज शेकडो बातम्या येतात त्यांना तिचा उपयोग आहे, कारण मथळा नंतर बदलला तरी क्रमांकावरून यंत्रणा लेख ओळखते. एकट्यादुकट्या लेखकाला तिची गरज पडत नाही.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीचा प्रश्न मात्र येथून पुढे सुरू होतो, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याचे उत्तर सापडत नाही. वेबपत्त्याच्या मूळ मानकाने रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांनाच प्रवेश दिला. अन्य लिप्यांची अक्षरे पत्त्यात आणावयाची तर त्यांचे यूनिकोडमधील संकेत बाइटांत मोडून प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा लिहाव्या लागतात. जानेवारी २००५ मध्ये सर्व लिप्यांना सामावून घेणारे निराळे मानक आले व ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत देवनागरी दाखवू लागले, तरी तारेवरून जाणारे रूप ते टक्क्यांचेच राहिले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पत्त्यात नऊ खुणा. आणि चिन्ह याचा अर्थ येथे अक्षर नव्हे, तर मूळ वर्ण, काना, मात्रा, वेलांटी, हलन्ताची खूण हे प्रत्येक स्वतंत्र. ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरांच्या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणून पत्त्यात तो नव्वद खुणांची जागा व्यापतो.

याचा परिणाम वर्डप्रेसमध्ये फार विलक्षण होतो. लेखाचे नाव साठवण्यासाठी तेथे दोनशे खुणांचा रकाना आहे. इंग्रजी शीर्षक त्यात ऐसपैस बसते. मराठी शीर्षकाची मात्र साधारण बावीस चिन्हे होताच रकाना भरतो आणि उरलेले शीर्षक निमूट कापले जाते. समजा, लेखाचे शीर्षक ‘कात्रजचा तलाव आणि शनिवारवाड्याचे पाणी’ असे आहे. पेशव्यांच्या वाड्यापर्यंत नळांनी आणलेल्या पाण्याची ती हकिकत. पण यंत्र हिशेब करून एकविसाव्या चिन्हाशी थांबते, आणि पत्ता तयार होतो तो ‘कात्रजचा-तलाव-आणि-शनिवार’ असा. वाडाही गेला आणि पाणीही गेले. अशा पत्त्यांवर समाधान मानून राहिलेली अनेक उत्तम संकेतस्थळे मी पाहतो तेव्हा वाईट वाटते, कारण उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याची चौकट उघडून तीत ‘कात्रज-तलाव-शनिवारवाडा’ एवढेच हाताने लिहावे. तीन शब्द, वीस चिन्हे, रकान्यात पूर्ण मावतात.

या उदाहरणात शब्दांचे प्रत्ययही गळून पडले आहेत, आणि ते हेतुपुरस्सर. मराठीत विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात आणि नामाचे सामान्यरूप होते. पुणे या नावाचे ‘पुण्यातील’, वाडा या नामाचे ‘वाड्याचे’, ‘वाड्यांमधले’ असे किती तरी आकार होतात. वाचक शोधाच्या चौकटीत बहुधा मूळ नामेच टाकतो. शीर्षकात भाषेचा सारा डौल राहू द्यावा. पत्त्यात मात्र प्रथमेची नामे, उभयान्वयी अव्ययांवाचून, एकापुढे एक मांडावीत. त्याने जागा वाचते, आणि शीर्षक पुढे कितीही वेळा मुरडले तरी पत्ता बदलण्याचे कारण उरत नाही.

गूगलची ब्लॉगर ही सेवा याच अडचणीतून दुसऱ्या वाटेने गेली. तिने २००० च्या मार्चमध्ये प्रत्येक नोंदीला कायमचा दुवा देऊन फार मोठे कार्य केले. त्यापूर्वी दैनंदिनीवजा लेखन पहिल्या पानावर येई आणि नवे येताच खाली सरकून जाई, त्याकडे बोट दाखवण्यास निश्चित स्थानच नसे. परंतु शीर्षकातून पत्ता बनवताना तिची यंत्रणा केवळ रोमन अक्षरे उचलते. शीर्षक संपूर्ण देवनागरी असेल तर वर्ष व महिना यांच्यापुढे ‘ब्लॉग-पोस्ट’ हे ठरीव शब्द आणि पुढच्या प्रत्येक लेखासाठी त्यांना जोडलेला एखादा आकडा, एवढेच हाती येते. मराठी ललितलेखनाचा एक मोठा ठेवा अशा निनावी पत्त्यांवर आहे. पुढे तेथे हाताने पत्ता लिहिण्याची सोय झाली, पण ती रोमन लिपीतच.

मग देवनागरी पत्ता घ्यावा की रोमन? रोमनचे कैवारी म्हणतात की देवनागरी पत्ता निरोपातून धाडला की टक्क्यांची लांबच लांब माळ होते, ती पाहून वाचक बिचकतो, आणि कधी कधी मध्येच तुटून दुवा निकामी होतो. हा आक्षेप खरा आहे. परंतु रोमन लिपीत मराठी लिहिण्याची एकच सर्वमान्य रीत नाही, हेही तितकेच खरे. ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना कोणी डी, एन, वाय घेतो, कोणी जी, वाय, तर कोणी जे, एन. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतील भेद तर तेथे पार पुसला जातो. माझा कल देवनागरीकडे आहे. पत्त्यात वाचकवर्गाची भाषा वापरावी अशी गूगलचीही शिफारस आहे, त्याचे यंत्र टक्क्यांच्या माळेमागचे शब्द नीट वाचते, आणि २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजपर्यंत संपूर्ण देवनागरी पत्त्यांवर उभा आहे व शोधात उत्तम रीतीने सापडतो. पत्ता दोन-तीन शब्दांचा ठेवला तर माळही आटोपशीर राहते. ज्यांचा पत्ता मुख्यतः कागदावरून वाचून टंकावयाचा आहे, हस्तपत्रकावर किंवा फलकावर छापावयाचा आहे, त्यांनी मात्र छोटा रोमन पत्ता घ्यावा, आणि तो घेतल्यास लिप्यंतराचे नियम एका कागदावर लिहून ठेवून सर्व लेखांना तेच लावावेत.

देवनागरी पत्त्यात एक सूक्ष्म सापळा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. डोळ्यांना दोन्ही समान; यंत्राला दोन्ही भिन्न शब्द. तीच गत ‘ॲ’ची, त्याला २००८ मध्ये यूनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला, त्यापूर्वी अ वर चंद्र देऊन तो लिहीत, आणि आजही कळफलकागणिक दोन्ही प्रकार चालतात. एकाने टंकलेला पत्ता दुसऱ्याच्या कळफलकावरून जुळत नाही तो अशा वेळी. शक्यतो ही अक्षरे पत्त्यात टाळावीत, आणि अपरिहार्य असतील तर एकच रूप निश्चित करून शिरस्ता म्हणून पाळावे.

डोमेनही देवनागरीत घेता येते. २०१४ मध्ये ‘डॉट-भारत’ सुरू झाले तेव्हा त्यात मराठी व कोकणीचा अंतर्भाव होता. आत मात्र त्याचे रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात रूपांतर होते, आणि पुष्कळ अर्जांच्या, ई-पत्त्यांच्या चौकटी ते नाव अजून स्वीकारत नाहीत. मुख्य डोमेन रोमन ठेवून देवनागरी नाव त्याच्याकडे वळवून द्यावे, एवढे आज पुरे.

किरकोळ बाबी थोडक्यात उरकतो. शब्दांमध्ये आडवी संयोगरेषा असावी, अधोरेषा नसावी. विकिपीडिया अधोरेषा वापरूनही अग्रस्थानी राहतो, तेव्हा हा काही जीवनमरणाचा प्रश्न नव्हे, पण शिफारस संयोगरेषेची आहे. रोमन पत्ता सर्वत्र लहान अक्षरांत लिहावा, कारण डोमेनमध्ये लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसला तरी मार्गात असतो. तीन डब्ल्यूंसह की त्यांवाचून, शेवटी तिरपी रेघ की नाही, याचा एकदा निर्णय करून बाकीची रूपे त्याच एका रूपाकडे वळवावीत. प्रचाराच्या मोजदादीसाठी प्रश्नचिन्हापुढे जोडलेल्या शेपटांमुळे जी दुहेरी रूपे निर्माण होतात त्यांच्यासाठी फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी एकमताने एक खूण मान्य केली आहे; पानाच्या अंतर्भागात ती लिहिली की अधिकृत पत्ता कोणता हे शोधयंत्राला कळते, आणि बहुतेक प्रणाली ती आपोआप लिहितात.

राहिला प्रश्न ज्यांनी चुकीच्या रचनेवर शेकडो लेख आधीच प्रसिद्ध केले आहेत त्यांचा. त्यांना माझा पहिला सल्ला असा की जुने पत्ते चालत असतील तर त्यांना हात लावू नये. कुरूप पण जिवंत पत्ता हा सुंदर पण नव्या पत्त्याहून श्रेष्ठ असतो, आणि केवळ शब्दांच्या लाभासाठी सारी रचना उलथून टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बदल अटळच असेल, म्हणजे प्रणाली सोडावी लागत असेल किंवा डोमेन बदलत असेल, तर प्रथम जुन्या सर्व पत्त्यांची यादी करावी, प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता लिहावा, आणि सर्व्हरला ३०१ या क्रमांकाचे उत्तर द्यावयास लावावे, ज्याचा अर्थ ‘कायमचे स्थलांतर’ असा आहे. ३०२ हे उत्तर तात्पुरत्या मुक्कामाचे. ते येथे देऊ नये. सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवण्याची आळशी रीत तर मुळीच स्वीकारू नये, कारण तमाशावरील लेख शोधत आलेल्या वाचकाला मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे त्याला परतवून लावण्यासारखेच असून शोधयंत्रही अशा वळणाला ‘सापडत नाही’ असेच समजते. लेखाचे नाव बदलल्यास वर्डप्रेस जुने नाव स्मरणात ठेवून वाचकाला वळवते; पण सबंध रचना बदलल्यास तिच्या अंदाजावर विसंबून चालत नाही, यादीबरहुकूम प्रत्येक पत्ता स्वतः उघडून पाहावा लागतो. एका स्थलांतरावर दुसरे, त्यावर तिसरे अशी साखळी होऊ देऊ नये. गूगलचा शोधक दहा टप्प्यांपर्यंत पाठपुरावा करतो, परंतु दर नव्या बदलाच्या वेळी सर्व जुने पत्ते थेट अखेरच्या स्थानाशी जोडणेच बरे. जो लेख बुद्ध्या काढून टाकला आहे त्यासाठी ४१० हे निराळे उत्तर आहे.

ही वळणे किती काळ ठेवावीत? निदान एक वर्ष, असे गूगल सांगते, आणि शोधयंत्राच्या नोंदी नव्या पत्त्यावर स्थिर होण्यास तेवढा अवधी पुरतो. माझा आग्रह मात्र असा की डोमेन आपल्या ताब्यात आहे तोपर्यंत ती काढूच नयेत. विद्यापीठात सादर झालेल्या प्रबंधाच्या, ग्रामपंचायतीने छापलेल्या स्मरणिकेच्या किंवा कोणा अभ्यासकाच्या ग्रंथाच्या तळटीपेत आपला जुना पत्ता छापला गेला असेल, तर तो तेथे दुरुस्त करण्याची कोणतीही सोय नाही, आणि ते पुस्तक वाचणारा मनुष्य कदाचित वीस वर्षांनी येईल. जुन्या-नव्या पत्त्यांच्या त्या यादीची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलीत, संकेतस्थळाच्या सर्व्हरपासून निराळ्या जागी ठेवावी, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख तिच्याच माथ्यावर लिहून ठेवावी.